फोटोखाली नाव छापता ना, मग त्याच्यासारखं दुसरं काय दिसतं तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही पावसाळी अळंबीवर अर्धं पान दिलंत. फोटो झकास होता, पांढरीशुभ्र छत्री, वर पावसाचे थेंब, मागे हिरवंगार गवत. पण खाली चौकट टाकलीत 'खाण्याजोगी अळंबी कशी ओळखाल' आणि त्यात काय, तर उकळताना चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळा पडला नाही, आणि किड्यांनी कुरतडलेली असेल तर बिनधास्त खा. साहेब, माझं घोडेगावात मेडिकलचं दुकान आहे, श्रावण लागला की उलट्या-जुलाबाची औषधं मागायला कोण येतं आणि काय खाऊन येतं हे काउंटरच्या अलीकडे उभं राहून आम्हाला बरोबर कळतं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी त्या चौकटीचं बोलतो. त्यातली एकही टेस्ट खरी नाही. विषारी अळंबीतल्या विषाचा चांदीशी काही संबंध येत नाही, लसणाशीही नाही. आणि किड्याने किंवा गोगलगायीने खाल्लं म्हणजे आपल्याला चालतं हा कुठला हिशोब, त्यांचं पोट वेगळं आपलं वेगळं. जगात सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या ज्या अळंब्या आहेत ना, अमानिटा वर्गातल्या, त्यांचं विष शिजवून, उकळून, वाळवून कशानेही जात नाही. वर त्याची चाल अशी की खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही, माणूस निवांत झोपतो, मग पहाटे उलट्या-जुलाब सुरू, मग दिवसभरात जरा बरं वाटायला लागतं, घरचे म्हणतात झालं, निघून गेलं पोटातलं, आणि नेमकं तेव्हाच आत लिव्हर जायला लागलेलं असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात चहामळ्यांच्या भागात जंगली मशरूम खाऊन 13 माणसं गेली, त्यात लहान मूलही होतं. ती काही पहिल्यांदा रानात गेलेली माणसं नव्हती, वर्षानुवर्षं तोडून खाणारीच होती.

आता तुमच्या फोटोतली अळंबी कोणती होती? मला सांगता येणार नाही, आणि नुसत्या त्या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही, कारण फोटो वरून काढलाय. छत्रीच्या खालच्या पातळ पातळ पट्ट्या दिसत नाहीत, दांड्याचं बूड दिसत नाही, ती गवतात उगवली की वारुळावर की कुजक्या लाकडावर हेही धड कळत नाही. अळंबीचा वरून काढलेला फोटो म्हणजे छान चित्र, बाकी काही नाही.

आमच्याकडे, कोकणात आणि गोव्यातही लोक हौसेने खातात ती वारुळावरची अळंबी, गोव्यात तिला रोयणीची अळमी म्हणतात आणि भाव ऐकून माणूस गार पडतो. ही वाळवीनेच पोसलेली बुरशी असते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा चावून त्याचे स्पंजासारखे गड्डे रचते, त्यावर ही बुरशी वाढते, वाळवी ती खाते आणि पाऊस झाला की त्यातून छत्र्या वर येतात. म्हणूनच ती शेतात लावता येत नाही, बटण मशरूमसारखी पोत्यात वाढवता येत नाही, वारूळ फोडलं की पुढच्या वर्षी काही नाही. हिच्या मोठ्या जातींची खूण अशी की छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, त्यानेच ती माती फोडून वर येते, आणि दांडा खाली निमुळता होत मुळीसारखा थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो, हाताने माती उकरत गेलं तर वीतभर, कधी हातभर खाली जातो. नुसती वरून खुडली तर ही खूण जमिनीतच राहते. अमानिटाचंही तसंच, तिच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असते, तीही मातीत. म्हणजे वरून खुडणाऱ्याच्या हातात दोन्ही सारख्याच, पांढरी छत्री आणि पांढरा दांडा.

आणि तिसरी एक आहे जी तुमच्या पुण्यामुंबईच्या सोसायटीच्या लॉनवर येते, पाऊस पडला की एका रात्रीत बशीएवढी, पांढरी, मध्ये तपकिरी खवले, दांड्याला कडं. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस तिचं नाव. दिसायला इतकी मस्त की लोकांना मोह होतोच, आणि जीव सहसा जात नसला तरी दोन-तीन तासांत माणूस आडवा होतो, सलाईनच लावावं लागतं. हिच्या खालच्या पट्ट्या लहानपणी पांढऱ्या असतात आणि वय झालं की हिरवट राखाडी होतात, कारण हिचे बीजाणूच (बुरशीची धुळीसारखी बारीक बी म्हणा) हिरवट असतात. हे घरबसल्या बघता येतं, मुलांना दाखवण्यासारखं आहे. छत्री दांड्यापासून सोडवायची, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा घ्यायचा, त्यावर पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी कागदावर रांगोळीची बारीक रेघ ओढावी तसा त्या बीजाणूंचा छाप उमटलेला असतो, मधून बाहेर गेलेल्या रेषा एकदम स्पष्ट. वारुळावरच्या अळंबीचा छाप फिका गुलाबी येतो, अमानिटाचा पांढरा, हिचा हिरवट. अर्धा कागद काळा एवढ्यासाठी की पांढरा छाप पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. (झाल्यावर हात धुवा आणि वाटी घासून घ्या, उगाच मला फोन नको.)

पण म्हणून गुलाबी छाप आला की चढवा कढई असं नाही हं. एन्टोलोमा नावाच्या अळंब्यांचाही छाप गुलाबीच येतो आणि त्यातल्या बऱ्याच विषारी आहेत. म्हणजे एक खूण पुरत नाही. छाप, बूड, पट्ट्या, वास, जागा, महिना असं सगळं एकत्र जुळावं लागतं, आणि एवढं करूनही खात्री नसेल तर खायची नाही, एवढं साधं आहे. कुणी खाल्लीच आणि त्रास झाला तर उरलेली अळंबी, शिजवलेली असो की कच्ची, नाहीतर केरात टाकलेले देठ, पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या, घरी लिंबूपाणी पाजत बसू नका. हे वाक्य तुम्ही त्या चौकटीत छापायला हवं होतं.

खरा मुद्दा पुढे आहे. तो फक्त अळंबीचा नाही, तुमच्या पेपरात (आणि खरं सांगायचं तर सगळ्याच पेपरांत) निसर्गाचा कुठलाही फोटो येतो तेव्हा खाली एक नाव येतं आणि संपलं. झाड, पाखरू, जनावर, काहीही. वाचकाला वाटतं ओळख झाली. अहो पण ओळख म्हणजे हे काय आहे एवढंच नाही, त्याच्यासारखं दिसणारं जे दुसरं आहे ते हे का नाही, हे सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे डोंगरात बाळहिरडा गोळा करणाऱ्या बायका आहेत ना, त्यांना झाड विचारा, त्या कधी नुसतं नाव सांगत नाहीत, 'ह्यो नव्हं, त्यो' असंच सुरू होतं. हिरड्याचं पान हातात देतील आणि देठ चाचपायला सांगतील, देठाच्या वरच्या टोकाला, पान सुरू होतं तिथे, दोन बारीक गाठी नखाला लागतात. बेहड्याची पानं फांदीच्या टोकाला झुबक्याने, फळ गोल, राखाडी, मखमली, आणि हिरड्याचं फळ लांबट, वाळलं की त्याला कंगोरे पडतात. त्या बायकांचं वर्षाचं गणित बाळहिरड्यावर असतं, कच्चं फळ वाळवून विकायचं, त्यामुळे चूक परवडत नाही. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात इकडच्या हिरड्याचं किती नुकसान झालं आणि भरपाईसाठी किती हेलपाटे झाले तो विषय वेगळा, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

माझ्या धंद्यातलंच उदाहरण देतो. कुटजारिष्टाची, म्हणजे पोटाच्या आयुर्वेदिक औषधाची बाटली मी रोज विकतो, ती बनते पांढऱ्या कुड्याच्या सालीपासून. आता रानात कुडे दोन, पांढरा आणि काळा. दोघांची पानं समोरासमोर, दोघांना पांढरा चीक, दोघांची फुलं पांढरी, सुवासिक, उन्हाळ्यातच. साल काढून वाळवली की कोणाची कोणती हे ओळखणं मुश्किल, आणि काळ्याची साल पांढऱ्याच्या नावाने खपवली जाते ही काय नवी गोष्ट नाही, औषधी वनस्पतींवर काम करणारे सगळे हे सांगतात. पण झाडावर शेंगा असताना बघितलं तर लांबूनही कळतं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात पण दोघी सुट्या, लांबलचक, चवळीसारख्या. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा वरून फुटून खाली टोकाला परत एकमेकींना चिकटलेल्या असतात. एवढा एक फरक, एका ओळीत मावतो. तुम्ही मे महिन्यात 'रानात बहरलेला कुडा' म्हणून फोटो छापता तेव्हा ती ओळ का येत नाही खाली?

आणि आपटा! दसरा आला की माझं रक्त खवळतं. दरवर्षी पहिल्या पानावर फोटो, 'सोनं लुटण्यासाठी बाजारात आपट्याची पानं दाखल', आणि टोपलीत निम्मा कांचन. कांचनाचं पान मोठं, पातळ, लांबी रुंदीएवढी किंवा जास्त. आपट्याचं पान छोटं, जाडसर, खरबरीत, लांबीपेक्षा रुंदी जास्त. आणि सगळ्यात सोपं म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला फांदीवर मोठी गुलाबी-जांभळी फुलं दिसली तर तो आपटा असूच शकत नाही, आपट्याची फुलं बारीक, फिकट पिवळी आणि ती उन्हाळ्यात येतात. मग काय होतं, रस्त्याकडेचे कांचन ऐन फुलण्याच्या दिवसात ओरबाडले जातात. आपटा ओरबाडा असं माझं म्हणणं नाही हं, एक पान दिलं तरी सोनंच, फांद्या कशाला मोडायच्या. पण निदान जे तोडताय ते काय आहे ते तरी माहीत असावं.

शहरातली तऱ्हा आणखी वेगळी. एका मोठ्या शहरातल्या बागेत मी बघितलंय, उंच सरळ वाढणारा, लांब नागमोडी कडांच्या पानांचा जो नुसता 'अशोक' म्हणून सोसायट्यांच्या कंपाउंडला ओळीने लावतात, त्याला पाटी 'सीता अशोक'. सीता अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गेंद येतात आणि कोवळी पालवी तांबूस, मरगळल्यासारखी खाली लोंबते. पाटी सरकारी, पेंट पक्का, पोरं तेच पाठ करणार. आपल्या राज्यात 1975 चा झाडं वाचवण्याचा कायदा आहे शहरांसाठी, त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितलीय, 2021 पासून पन्नास वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज म्हणतात, सगळं छान. पण मोजणाऱ्याला झाडच ओळखता आलं नाही तर यादीत काय भरणार?

सगळ्यांना वाटतं झाड म्हणजे पान. पान बघायचंच, पण पानाचं काय बघायचं? समोरासमोर आहेत की एकाआड एक, चुरगळल्यावर वास येतो का, तोडल्यावर चीक येतो का, पाठीमागे लव आहे का. मग साल. ऐन आणि अर्जुन दोघे भाऊ, दोघांच्या फळाला पाच पंख, पण ऐनाचा बुंधा काळपट, चौकोनी भेगाळलेला, आणि अर्जुनाचा पांढुरका, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारा, आणि अर्जुन बहुतेक पाण्याच्या काठाला. त्यांचाच तिसरा भाऊ किंजळ, त्याच्या फळाला एक मोठा पंख आणि दोन छोटे, पावसाळा संपता संपता अख्खं झाड तांबूस होतं. आणि वय बघायचं. तरुण सावरीच्या बुंध्यावर जाड जाड काटे, म्हाताऱ्या सावरीचा बुंधा खाली साफ. आसाण्याचंही तसंच, लहानपणी असे काटे की हात टेकवायची सोय नाही, थोराड झाला की साल नुसती भेगाळलेली. पुस्तकात एकच फोटो, तोही मोठ्या झाडाचा, म्हणून पोरं लहान झाडाला भलतंच नाव देतात.

आता तुम्ही म्हणाल मोबाईल आहे की. आहे ना. लेन्स आहे, ॲप आहेत, मी पण वापरतो. पण ॲपला तुम्ही एक पान दाखवलं तर ते एका पानाचं उत्तर देणार. आयनॅचरलिस्ट म्हणून निसर्गातल्या नोंदी फोटोसकट टाकायचं जे ॲप आहे, 2008 साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, ते मला बरं वाटतं कारण तिथे मशीनने नाव सुचवलं तरी पुढे माणसं येऊन हो-नाही करतात, दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं, तारीख आणि जागा असली, तरच ती नोंद पक्की धरतात. पण तिथेही एकाच अँगलचा फोटो टाकला तर तज्ज्ञ काय कपाळ बघणार? झाडाचा असेल तर पूर्ण झाड, साल, पानाची पुढची आणि मागची बाजू, फूल किंवा फळ. अळंबीचा असेल तर वरून, खालून आणि बुडासकट उपटून. पाच फोटो काढायला मिनिट लागतं. पण आपल्या ग्रुपवर एक फोटो, तोही हललेला, आणि खाली 'नाव सांगा प्लीज', आणि पुढच्या दहा सेकंदात कोणीतरी नाव ठोकून मोकळा. त्या ठोकणाऱ्याला 'कशावरून?' विचारलं की तो ग्रुप सोडतो.

जनावरांच्या बाबतीत तर चुकीच्या नावाने घबराट होते. आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बातमी ठरलेली, 'उसाच्या फडात बिबट्याची बछडी सापडली'. पुष्कळदा असतातच बिबट्याची, नाही म्हणत नाही. पण कधी ती वाघाटीची निघतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली दीड किलोच्या आत-बाहेर, आपल्या घरच्या मांजरापेक्षा लहान. पिल्लांच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात म्हणून लोक चटकन बिबट्या म्हणतात. पण कपाळ बघा, डोळ्यांवरून वर गेलेल्या गडद रेषा आणि मध्ये पांढरे पट्टे, आणि एवढंसं अंग. बिबट्याचं पिल्लू त्या मानाने थोराड, डोकं मोठं, पंजे जाड, ठिपके दाटीवाटीने. फोटो छापायच्या आधी वनखात्याला किंवा माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राला एक फोन केला तर दोन मिनिटांत कळतं. पण बातमी 'बिबट्या' म्हणून सुटते, मग मजूर तोडायला जात नाहीत, पोरं शाळेत जात नाहीत, आणि पिल्लांभोवती सेल्फीवाल्यांचं कडं पडतं. पिल्लं कोणाचीही असोत, ती संध्याकाळी त्याच जागी ठेवली आणि माणसं लांब गेली तरच आई येऊन घेऊन जाते. वनखात्याचा 1926 नंबर आहे, तो तरी बातमीखाली छापत जा.

तसंच उदमांजर आणि जवादी. माळ्यावर रात्री धाडधाड पळणारं, तोंडावर काळा मुखवटा, शेपटीवर पट्टे नाहीत ते उदमांजर. अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि शेपटीला काळी-पांढरी कडी असलेलं, जमिनीवर फिरणारं ते जवादी मांजर. शेपटी बघितली की झालं.

शेकरूचं तर बोलायलाच नको, आमच्या घरचं जनावर, राज्याचा प्राणी, 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळट पांढरं, शेपटी अंगाइतकी किंवा जास्तच लांब, मागच्या पायांनी उलटं लटकून पुढच्या दोन हातांनी फळ खाताना शेपटीनेच तोल सांभाळतं. तुम्ही मागे 'शेकरूची घरटी' म्हणून फोटो छापला होता, बुंध्याजवळच्या जाड फांदीला शेणाचा गोळा थापल्यासारखं काहीतरी. ते मुंग्यांचं घर होतं साहेब! क्रिमॅटोगॅस्टर म्हणतात त्या मुंग्यांना, पोट वर उचलून चालतात, झाडावर तपकिरी, पापुद्र्यांचं घर बांधतात. शेकरूचं घरटं काड्या आणि पानांचं, गोल, आणि ते बारीक फांद्यांच्या टोकाकडे, जिथे जड शिकारी जनावर पोचू शकत नाही, आणि एक नाही, एकाच शेकरूची तीन-चार घरटीही असतात. गंमत म्हणजे त्या मुंग्यांच्या घरात तांबूस सुतार पक्षी भोक पाडून अंडी घालतो, मुंग्या आत असताना. म्हणजे तुम्ही नाव बरोबर टाकलं असतं तर शेकरूपेक्षा भारी गोष्ट तुमच्या हातात होती, ती घालवलीत.

चिचुंद्रीबद्दल एवढंच, की तो उंदीर नाही. लांब नाक, बारके डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास, खाणं झुरळं आणि किडे. पिल्लं आईच्या मागे एकमेकांच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरून रांगेने चालतात, बघितलं नसेल तर बघा एकदा. लोक माझ्या दुकानात उंदराचं औषध मागतात आणि घरी मरते चिचुंद्री, मग झुरळांचं औषध मागायला परत माझ्याचकडे येतात. मला काय, धंदाच होतो. खारीचं सांगायचं तर तीन पट्ट्यांची वेगळी, पाच पट्ट्यांची वेगळी, पाचवाल्या खारीला बाजूला फिकट दोन पट्टे जास्त असतात. रामाने तीन बोटं फिरवली ही गोष्ट ऐकून कुणी मोजायच्या भानगडीतच पडत नाही.

आता एक गोष्ट उलट्या बाजूची, इथे मी कमी छापा म्हणतोय. पावसाळ्यात सह्याद्रीत कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी दिसते, मायसेना वगैरे. हिरवा उजेड तिच्या आतल्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन येतो, उष्णता नाही. तुम्ही जे फोटो छापता, अख्खं जंगल हिरवंगार पेटलंय असे, ते कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेले असतात. डोळ्याला तसं दिसत नाही, मंद दिसतं, आणि तेही टॉर्च बंद करून वीसेक मिनिटं काळोखात डोळे सरावल्यावर. हे न सांगता तुम्ही 'जादुई जंगल' म्हणून गावाच्या नावासकट छापता, मग शनिवारी रात्री गाड्यांच्या रांगा, मोठमोठे टॉर्च, स्पीकर, आणि उजेडात काही दिसत नाही म्हणून लाकडं उलटीपालटी करतात, पायाखाली सगळं चेपतं. काजव्यांचं पण हेच झालंय. खवले मांजराचं तर त्याहून वाईट, त्याची तस्करी होते, आणि आपण बातमीत वाडीचं नाव देतो. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्राण्याची नेमकी जागा आपोआप लपवली जाते, ॲपला जे कळतं ते आपल्याला कळू नये का? झाडाच्या फोटोखाली तालुका आणि महिना जरूर द्या, त्याने ओळखायला मदत होते. चमकणाऱ्या बुरशीच्या आणि खवले मांजराच्या फोटोखाली 'सह्याद्रीत' एवढं पुरे.

तर माझी मागणी फार नाही. निसर्गाच्या प्रत्येक फोटोखाली नावानंतर एक ओळ वाढवा, 'याच्यासारखं दिसणारं अमुक, फरक तमुक'. ती ओळ लिहिता येत नसेल तर नाव छापू नका, 'रानातलं एक झाड' म्हणा, काही बिघडत नाही. विचारायला माणसं आहेत, पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, मुंबईत 1883 पासूनची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. आणि नाहीच जमलं कुठे तर आमच्याकडे या, हिरडा वेचणाऱ्या मावशींकडे घेऊन जातो, त्या तुमच्या उपसंपादकाला 'ह्यो नव्हं, त्यो' करून एका सकाळीत सरळ करतील. मानधन मात्र द्या त्यांना, फुकट ज्ञान घ्यायची आपल्याला फार सवय आहे.

त्या अळंबीच्या चौकटीची दुरुस्ती मात्र पुढच्या रविवारची वाट न बघता उद्याच छापा, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात, शेवटच्या पानावर कोपऱ्यात नको. पाऊस अजून महिनाभर आहे आणि तो कागद लोकांनी व्हॉट्सॲपवर फिरवायला सुरुवात केलीये, माझ्याकडेच दोन ग्रुपवरून येऊन गेला.

पत्र मोठं झालंय हे कळतंय मला. जागा नसेल तर खारीचं कापा, सीता अशोकाचं कापा, आयनॅचरलिस्टचं पण कापलं तरी चालेल. सहा ते बारा तासांचं आणि देठ पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचं तेवढं कापू नका.

आपला,
एक वाचक (मेडिकलवाला)
घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे